आमची वाटचाल : डिटेक्टर खराब नव्हता

आमची फर्म फायबर-कपल्ड फोटोडिटेक्टर, म्हणजे फायबरमधून आलेल्या प्रकाशाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या डब्या, बनवते आणि रिपेअर करते. एका बाजूला एफसी हा फायबरचा कनेक्टर, दुसऱ्या बाजूला एसएमए हा केबलचा, मध्ये इंडियम गॅलियम आर्सेनाइडची चिप आणि तिचा बायस, म्हणजे तिला द्यायचा व्होल्टेज. चिप बाहेरून येते हे आम्ही कधी लपवलं नाही, पण त्या चिपसमोर फायबर मायक्रॉनमध्ये आणून बसवणं, बायसचं सर्किट, ५० ओहमची लाइन, डबी, टेस्टिंग, सगळं इथं धायरीतल्या गाळ्यात होतं आणि १९९८ पासून होतंय. हल्ली केंद्राच्या क्वांटम मिशनमुळे सगळ्यांना फोटोनिक्स, म्हणजे प्रकाशाचं हे तंत्रज्ञान, आठवायला लागलंय, ते २०२३ ला मंजूर झालं, चांगलंच झालं, पण पुण्यात हे काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे आणि ते कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे म्हणून लिहितोय.

सुरुवात मी आणि माझा पार्टनर, दोघांनी केली. दोघंही आधी एका इन्स्ट्रुमेंट कंपनीत सर्व्हिसला. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, तो आयटीआय फिटर, भोरकडचा, फायबर हा प्रकार त्याने नोकरीतच पहिल्यांदा बघितला. पण हात असा की विचारू नका. सिंगल मोड फायबरचा गाभा साधारण ९ मायक्रॉन, आणि १० गिगाहर्ट्झची चिप घेतली तर तिचा प्रकाश घेणारा भाग तीसेक मायक्रॉनचा. वेग पाहिजे तर चिप लहानच लागते कारण मोठी घेतली की कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, वाढतो आणि वेग जातो, आणि चिप लहान झाली की बसवणाऱ्याचा कस लागतो. हा माणूस थ्री-ॲक्सिस स्टेजचे, म्हणजे फायबर तिन्ही दिशांना बारीक सरकवणाऱ्या ठोकळ्याचे, स्क्रू फिरवायचा आणि करंट उतरायला लागायच्या आधीच त्याचा हात थांबायचा. बरं पीक, म्हणजे चिपमधून सगळ्यात जास्त करंट येतो ती जागा, सापडलं की झालं असंही नाही, यूव्ही ग्लू सुकताना आकसतो आणि फायबरला ओढतो, त्यामुळे तो पीकवर न थांबता ग्लू जिकडे ओढणार त्याच्या उलट बाजूला फायबर जरासं आधीच सरकवून ठेवायचा. किती सरकवायचं ते कुठल्याही डेटाशीटमध्ये नाही. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते म्हणून बुधवारी संध्याकाळनंतर नवीन ग्लूचं काम काढायचं नाही हा नियमही त्याचाच, अर्धवट सुकलेला जॉइंट रात्रभर हलतो आणि सकाळी अर्धा करंट गेलेला असतो. नियम आजही पाळतो आम्ही.

रेझिस्टर, कपॅसिटर, बॅटरीचे होल्डर पुण्यातच तपकीर गल्लीत मिळायचे. गिगाहर्ट्झला टिकणारा एसएमए मात्र मिळायचा नाही, त्यासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड, तिथंही ओळखीचाच दुकानदार, आणि आणलेला प्रत्येक पीस भिंगाखाली बघायचा, मधली पिन आत गेलीये का बाहेर आलीये. एसएमए पान्याने आवळायचा नाही, टॉर्क रेंचच वापरायचा, पितळी कनेक्टरला अर्ध्या न्यूटन-मीटरच्या जरा वर एवढंच बळ लागतं. हा रेंच घेताना लोक म्हणाले एवढ्याशा पान्याला एवढे पैसे? पण त्या रेंचने आमचे किती कनेक्टर वाचवले.

आणि २००३ साली घेतला सॅम्पलिंग स्कोप, म्हणजे वेगवान सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं मशीन. टेक्ट्रॉनिक्स ११८०१, सोबत एसडी-२६ हेड, म्हणजे सिग्नल आत घेणारा भाग, २० गिगाहर्ट्झचं. जुना, वापरलेला, काचेच्या ट्यूबचा स्क्रीन तरी टचस्क्रीन, दोघांनी उचलायचं मशीन. टेलिकॉमचा फुगा २००१ ला फुटला त्यानंतर अशी मशिन्स बाजारात येत होती आणि आमच्यासारख्यांना तेव्हाच परवडली, तरी त्या पैशात एखाद्या फ्लॅटचं बुकिंग झालं असतं हे घरी ऐकून घेतलंच. ते हेड स्टॅटिकने एका क्षणात जातं. म्हणून मनगटाला पट्टा, तोही एक मेगओहम रेझिस्टरवाला, आणि केबल जोडायच्या आधी तिचा मधला कंडक्टर शॉर्ट करून मोकळा करायचा. पुण्याची जानेवारीतली कोरडी हवा याबाबतीत पावसाळ्यापेक्षा वाईट. फोटोडायोडही असाच जातो, आणि तो पूर्ण जात नाही हे जास्त वाईट, डार्क करंट, म्हणजे अंधारातही वाहणारा करंट, नॅनोॲम्पिअरवरून मायक्रोॲम्पिअरवर चढतो, सिग्नल येत राहतो, आणि वापरणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे.

पुढची आठ-नऊ वर्षं चांगली गेली, ऑर्डरी येत राहिल्या, पोरं शिकून गेली.

मग २०१३ चं टेंडर. एका मोठ्या सरकारी संस्थेचं, नाव घेत नाही. ५ गिगाहर्ट्झचे डिटेक्टर, आमच्यासाठी तेव्हाची सगळ्यात मोठी ऑर्डर. आमच्यानंतर दुसऱ्या नंबरला होती मुंबईची एक ट्रेडिंग फर्म, बाहेरचं मॉड्यूल आणून त्यावर आपलं लेबल लावणारी, त्यांचंही नाव घेत नाही. त्यांच्याकडे ना स्टेज, ना स्कोप, ना ग्लूची बाटली. आम्ही ओव्हरड्राफ्ट काढून चिपा मागवल्या, वेळेत माल दिला, प्रत्येक पीसचा ग्राफ सोबत जोडला. ते ग्राफ कुणी उघडलेच नाहीत. रिपोर्ट आला, सगळा लॉट नापास. राइज टाइम, म्हणजे सिग्नल वर चढायला लागणारा वेळ, साडेतीनशे पिकोसेकंदांच्या वर, मागितला होता ७०. शिवाय आउटपुटमध्ये मूळ पल्सनंतर दुसरी पल्स दिसते, म्हणजे डिटेक्टरमध्ये दोष.

मी तिथं जाऊन त्यांचा सेटअप बघितला. स्कोप १ गिगाहर्ट्झचा. आता हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, ०.३५ ला बँडविड्थने, म्हणजे त्या गिगाहर्ट्झच्या आकड्याने, भागलं की राइज टाइम, म्हणजे ५ गिगाहर्ट्झला ७० पिकोसेकंद आणि १ गिगाहर्ट्झच्या स्कोपला स्वतःलाच ३५०. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा, ३५७ येतं. रिपोर्टमध्येही जवळपास तेवढंच. म्हणजे मोजला स्कोप आणि नापास केला डिटेक्टर! दुसरी पल्स बरोबर २० नॅनोसेकंदांनी येत होती. ट्रिगरसाठी, म्हणजे मोजायला कधी सुरुवात करायची ते स्कोपला कळावं म्हणून, टी (तीन तोंडांचा कनेक्टर) लावून दोन मीटरची आरजी-५८ केबल काढलेली, आणि ट्रिगरचा इनपुट ५० ओहमऐवजी मेगओहमवर. केबलमध्ये सिग्नलला मीटरला ५ नॅनोसेकंद लागतात, दोन मीटर जायला १०, तिथं ५० ओहम न मिळाल्यामुळे आपटून परत यायला १०. टी काढला असता तर ती पल्स तिथल्या तिथे गेली असती. मी म्हणलं काढून बघा. तर म्हणे कमिटीने रिपोर्टवर सह्या केल्यात, आता सेटअपला हात लावता येणार नाही. आणि त्या टेस्टिंगला तो स्कोप डेमोसाठी कुणी आणून दिला होता? त्या मुंबईच्या फर्मने. त्यांचा माणूस तिथंच बसलेला होता.

त्यानंतर आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना मेल जायला लागले, त्याला तो रिपोर्ट जोडलेला. ज्यांनी आमचे डिटेक्टर वर्षानुवर्षं वापरले त्यांचेही फोन यायला लागले, काय हो, तुमच्या मालाला रिंगिंग आहे म्हणे, एका पल्समागं दुसरी येते? पैसे अडकले, बँकेचं व्याज चालू, पगार दोन-दोन हप्त्यांत द्यायला लागलो. पार्टनरच्या मुलीचं इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष होतं. तो बंगळुरूला एका कंपनीत पॅकेजिंगला, म्हणजे चिपा डबीत बसवण्याच्या कामाला, गेला. त्याच्यावर माझा राग नाही, तेव्हाही नव्हता, त्याच्या जागी मीही गेलो असतो. पण ज्या माणसाने तो लॉट एक-एक पीस हाताने बसवला त्याचा माल कागदावर अजून नापास आहे, हे मला सहन होत नाही. स्कोपसुद्धा विकायला काढला होता, हैदराबादहून एक जण बघून गेला.

वाचवलं सरांनी. विद्यापीठातले सर, १९९९ पासूनचे आमचे गिऱ्हाईक, नाव लिहू नका म्हणाले म्हणून लिहित नाही. त्यांनी घेतलेला पहिला डिटेक्टर साधा होता, ए-२३ ची १२ व्होल्टची छोटी बॅटरी टाकायचा, सिलिकॉनचा, आणि दर वर्षी बॅटरी बदलली की सर पोस्टकार्ड टाकायचे की चालू आहे. त्यांना हे कळलं तेव्हा म्हणाले, नापास लॉटमधले दोन पीस घेऊन या, ग्राफ आणू नका, मी काढतो. त्यांच्या लॅबमध्ये १५५० नॅनोमीटरचा फेमटोसेकंद फायबर लेसर होता. एवढी बारीक पल्स की तिची स्वतःची रुंदी या हिशोबात धरायचीच नाही. सरांनी आधी प्रकाश कमी करणारे ॲटेन्युएटर लावले, कारण अशा लेसरची सरासरी पॉवर मीटरवर कमी दिसली तरी पल्सच्या टोकाला ती प्रचंड असते आणि चिप तिथंच सॅच्युरेट होऊन पल्सला मागं शेपूट येते. पॉवर निम्मी करून पल्सचा आकार तोच राहतो का बघितलं, परत निम्मी केली, परत बघितलं. मग आमच्याच ११८०१ वर, जो मी गाडीत घालून नेला होता, राइज टाइम काढला. सत्तरच्या आतच आला. त्यांनी लेटरहेडवर दोन पानं लिहून दिली, सेटअपच्या आकृतीसकट, आणि त्याची प्रत स्वतः त्या संस्थेला पाठवली. एक रुपया घेतला नाही.

पैसे मिळाले, पण दोन वर्षांनी, आणि त्यातून उशिराचा दंड कापून! माल वेळेत दिलेला असताना. तो नापासाचा रिपोर्ट कधी मागं घेतला नाही, तो फायलीत तसाच आहे. स्कोप विकला नाही.

नंतर नोटाबंदी आली, लॉकडाऊन आला, जुलै २०२२ मध्ये संशोधन संस्थांची फक्त ५ टक्के जीएसटी भरायची सवलत गेली आणि कोटेशनं सगळी नव्याने करायला लागली, ते सगळ्यांनीच भोगलं, त्यात आमचं वेगळं काही नाही.

आता जे कुणी नवीन लॅब लावताहेत त्यांना सांगतो, विचारलं नाही तरी सांगतो. डिटेक्टर स्लो वाटला तर आधी स्कोपचा इनपुट बघा, मेगओहमवर असेल तर सिग्नल मोठा दिसतो म्हणून खूश होऊ नका, एक मीटर आरजी-५८ चा कपॅसिटन्स शंभरेक पिकोफॅरड, त्याच्याशी मेगओहम गुणला की १०० मायक्रोसेकंद झाले, गिगाहर्ट्झ विसरा. ५० ओहम करा. सिग्नल काहीच येत नसेल आणि लेसर कंटिन्यूअस असेल तर मॉडेल एसी-कपल्ड आहे का बघा, त्यावर स्थिर प्रकाश दिसतच नाही, या एका कारणासाठी दुसऱ्या राज्यातून डिटेक्टर रिपेअरला आलेत. बॅटरीवाला असेल तर बॅटरी मोजा, बायस उतरला की कपॅसिटन्स वाढतो आणि आधी वेग जातो, सिग्नल नंतर. हिरवा कनेक्टर म्हणजे एपीसी, ८ अंशांत घासलेला, तो पीसीच्या, म्हणजे तिरपं न घासलेल्या कनेक्टरच्या, पोर्टला जबरदस्तीने लावू नका, मध्ये हवेची फट राहते, पॉवर जाते आणि टोकही खराब होतं. लावायच्या आधी प्रत्येक वेळी फायबर मायक्रोस्कोपखाली बघा, पुसा, परत बघा, शर्टाच्या कापडाने पुसलेलं चालणार नाही. मल्टिमोड पॅचकॉर्ड लावून १० गिगाहर्ट्झ मागू नका, ५० मायक्रॉनच्या गाभ्यातला सगळा प्रकाश त्या ३० मायक्रॉनच्या चिपवर सहजासहजी उतरत नाही. आणि इडीएफएचं, म्हणजे फायबरमधला प्रकाश वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरचं, आउटपुट सरळ डिटेक्टरला कधीच नाही. २० डीबीएम म्हणजे १०० मिलीवॉट, आमच्या चिपांना एक-दोन मिलीवॉटच्या पुढं न्यायचं नसतं. अशा जळालेल्या चिपा एका डबीत ठेवल्यात, नवीन पोरांना पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपखाली दाखवतो.

टेंडरच्या कमिटीवर कुणी असाल तर कोणत्या स्कोपने मोजणार ते टेंडरमध्येच लिहा, बँडविड्थ लिहा, केबल लिहा. आम्ही तेव्हापासून प्रत्येक कोटेशनमध्ये टेस्टिंगची अट घालतो, डिटेक्टरच्या निदान दुप्पट-तिप्पट बँडविड्थचा स्कोप नसेल तर टेस्टिंग आमच्या इथं, तुमच्या माणसासमोर. त्या अटीमुळे दोन-चार ऑर्डरी गेल्या. जाऊ देत.

मागच्या वर्षी त्याच संस्थेतून फोन आला. २०१३ च्या लॉटमधले डिटेक्टर अजून वापरात आहेत, त्यातल्या एकाचं पिगटेल, म्हणजे डबीतून बाहेर आलेलं फायबरचं शेपूट, तुटलंय, रिपेअर कराल का? बोलणारा पोरगा नवीन होता, त्याला यातलं काही माहीत नसणार. मी म्हणलं करतो, पैसे नकोत, फक्त तो रिपोर्ट मागं घेतल्याचं एक पत्र द्या. साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. पिगटेल जोडून डबी तयार आहे, पार्टनर दिवाळीला आला होता तेव्हा त्यानेच बसवलं. पत्र आलेलं नाही.