पडद्यावर शांत दिसणारं जनावर

राष्ट्रीय उद्यानात हौसेखातर ड्रोन उडवू द्यावा का, हा वाद बहुतेक वेळा आवाज, शिस्त आणि दंड यांच्याभोवती फिरत राहतो. आपण भिंगापासून सुरुवात करू, कारण खरी गोम तिथे आहे.

हौशी ड्रोनवरचं भिंग साधारण २४ मिलीमीटर समकक्ष असतं, म्हणजे चांगलंच रुंद. १२० मीटर उंचीवरून सरळ खाली पाहिलं, तर चौकटीत जवळपास १८० मीटर रुंदीची जमीन मावते. फोर-के चित्राची रुंदी ३८४० पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलमध्ये पावणेपाच सेंटीमीटर जमीन. वाघाचं शरीर शेपटी सोडून १.८ मीटर धरलं, तर तो पडद्यावर अडतीस-एकोणचाळीस पिक्सेलचा दिसेल. चौकटीचा शंभरावा भाग! मोबाइलवर तो वाघ की वाळका ओंडका, हे सांगता येणार नाही. तीस मीटरवर आलात की तो पंचविसावा भाग होतो. घरच्यांना दाखवावंसं वाटेल असं चित्र, म्हणजे चौकटीचा आठवा भाग तरी वाघाने व्यापलेला, हवं असेल तर दहा मीटरच्या खाली यावं लागतं.

म्हणून ‘किमान उंचीचा नियम करा आणि परवानगी द्या’ ही सूचना मला पटत नाही. ती चांगल्या मनाने केलेली असते, पण कॅमेराच उडवणाऱ्याला खाली ओढत असतो. परवानगीची फी भरून, तीन-चारशे किलोमीटर गाडी हाकून आलेला माणूस शंभर मीटरवरून हिरवं-तपकिरी गोधडीसारखं रान बघून समाधान मानेल, असं धरून नियम करता येत नाहीत.

खाली आल्यावर काय होतं, हे उडवणाऱ्याला कळत नाही, ही दुसरी आणि मोठी अडचण. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात काळ्या अस्वलांच्या अंगात हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बसवून त्यांच्यावरून ड्रोन उडवण्यात आले. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुतेक अस्वलं जागची हलली नाहीत. बघणाऱ्याने ‘काही फरक पडला नाही’ असंच लिहिलं असतं. पण ठोके वाढले होते, आणि एका अस्वलाचे तर नेहमीपेक्षा मिनिटाला १२३ ने जास्त पडत होते. आपल्याकडच्या चितळ-सांबरांचं काय होत असेल, याचा अंदाज यावरून बांधावा. पडद्यावर मान वर करून स्थिर उभं राहिलेलं सांबर ‘पोझ’ देत नसतं. ते धोका ओळखायचा प्रयत्न करत असतं, आणि तेवढा वेळ त्याचं चरणं थांबलेलं असतं.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये बदकं, रोहित आणि ग्रीनशँक या पाणपक्ष्यांवर झालेला प्रयोग दुसऱ्या बाजूने बोलतो, म्हणून तोही सांगायला हवा. तिथे तिरक्या दिशेने हळू नेलेला ड्रोन चार मीटरपर्यंत गेला तरी पाचातल्या चार वेळा पक्ष्यांनी दाद दिली नाही. रंग आणि वेगानेही फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो दिशेने: सरळ डोक्यावरून खाली उतरणारा ड्रोन पक्ष्यांना जास्त बिथरवतो. शिकारी पक्षी वरूनच येतो, तेव्हा हे साहजिकच आहे. आणि हौशी माणूस नेमका तसाच उतरवतो, कारण फांद्यांच्या दाटीत तिरकं जाणं धोक्याचं असतं.

टांझानियात शेतात घुसलेल्या हत्तींना हुसकावायला ड्रोन वापरतात. गुणगुणणाऱ्या त्या आवाजाने हत्ती पिकातून निघून जातात. तीच वस्तू राष्ट्रीय उद्यानात नेऊन ‘फक्त बघायला’ वापरतो म्हणणं कसं टिकणार? आवाजाचं गणितही सोपं आहे. पातं मिनिटाला सहा हजार फेरे फिरतं असं धरा, प्रत्येक पंख्याला दोन पाती, म्हणजे सेकंदाला दोनशे टोले. असे चार पंखे, आणि त्यांचे वेग वाऱ्यानुसार सतत कमीजास्त होणारे. तो आवाज एका सुरात राहत नाही, म्हणूनच कानाला त्याची सवय होत नाही.

‘सफारीच्या जिप्सींचा आवाज चालतो, मग हा का नाही?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे. जिप्सी ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी जाते. मध्य प्रदेशात बुधवारी दुपारची फेरी बंद असते, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअरमधलं, म्हणजे गाभ्याच्या रानातलं, पर्यटनच बंद असतं. वाटेपासून शंभर पावलं आत गेलं की जनावराला आडोसा मिळतो. ड्रोनला वाट नाही. जिथे जिप्सी पोहोचत नाही म्हणून वाघीण पिल्लं ठेवते, तिथेच तो पोहोचतो, आणि तेवढ्यासाठीच तो हवा असतो. शिवाय गाइड लोक वानराच्या आणि चितळाच्या ‘कॉल’वर, म्हणजे धोक्याच्या हाकेवर, वाघाचा माग काढतात. वर काही घोंघावत असेल तर तो कॉल कशाचा, हे त्यांना तरी कसं कळावं?

गिधाडांची गोष्ट तर अगदी नाजूक आहे. मंदसौरकडच्या गांधीसागर अभयारण्यात चंबळेच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. हिवाळ्यात विणीचा हंगाम, आणि मादी एकच अंडं घालते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे या जातीची नव्वद टक्क्यांहून जास्त संख्या गेली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तेव्हा कुठे घसरण मंदावली. ड्रोनवाल्याला कड्याला समांतर, घरट्याच्या पातळीवरून जाणारं दृश्य फार आवडतं: खाली पाणी, बाजूला उभा खडक. त्या वेळी कपारीवरचा पक्षी दचकून उठला की अंडं उघड्यावर राहतं, कावळ्याला सापडतं किंवा उठताना पायाने ढकललं जातं. त्या जोडीचं ते वर्ष संपलं. २०२१ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका या राखीव पाणथळीत एक ड्रोन पडला, तर सुरय पक्ष्यांनी दीड हजाराच्या आसपास अंडी टाकून जागा सोडली. एकाच ड्रोनने, एकाच दिवशी.

आता कायद्याकडे. इथे घोळ होतो, कारण दोन वेगळे कायदे आहेत आणि लोक एकच वाचतात. ड्रोन नियम २०२१ हे आकाशाचे नियम. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो व्यवसायासाठी नसेल तर त्यालाही नाही. नकाशावर हिरव्या दाखवलेल्या मोकळ्या पट्ट्यात १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ हा जनावरांचा आणि रानाचा कायदा आहे, आणि त्यात ग्रॅमचा हिशेब नाही. अभयारण्यात वन्यप्राण्याला सतावण्याची मनाई कलम २७ मध्ये आहे. पक्ष्याच्या घरट्याला किंवा अंड्यांना धक्का लावणं शिकारीच्या व्याख्येतच येतं. फोटो आणि चित्रणाची परवानगी कलम २८ खाली मुख्य वन्यजीव अभिरक्षक देतात. सामान्य उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे डिजिटल स्काय या सरकारी नकाशात जागा हिरवी दिसली, तरी अभयारण्याचं दार उघडलेलं नसतं.

‘माझा २४९ ग्रॅमचा आहे’ हे वाक्य वारंवार ऐकू येतं. वजन उडताना असेल ते धरायचं. जास्त क्षमतेची बॅटरी घातली, पात्यांना जाळी लावली, भिंगावर फिल्टर चढवला की काटा २५० च्या पुढे जातो आणि ड्रोन मायक्रो होतो. मग त्रयस्थ विमाही हवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं जोडून एकदा वजन करा, दोन मिनिटांचं काम आहे.

माझ्या मते हौशी उड्डाणाला राष्ट्रीय उद्यानात पूर्ण मनाई हवी, कोअर आणि त्याभोवतीचा बफर दोन्हींत, फी घेऊनसुद्धा नाही. वनखात्याच्या आणि संशोधकांच्या कामाला मात्र ड्रोन हवेतच. वणव्याची रेषा कुठे सरकतेय, दाट रानात जखमी जनावर कुठे पडलंय, शिकाऱ्यांची वर्दळ कुठे आहे, हे वरून चटकन कळतं. २०२३ मध्ये कुनोत माग दाखवणारी रेडिओ कॉलर बंद पडलेल्या मादी चित्त्याच्या शोधातही ड्रोन वापरले गेले. अशा उड्डाणामागे कारण असतं, नोंद असते, थांबवणारा जबाबदार माणूस असतो. माझी तक्रार एवढीच, की पर्यटनाच्या जाहिरातीत रानावरून घेतलेली ड्रोनची दृश्यं सर्रास दाखवतात आणि खाली ‘परवानगीने चित्रित’ अशी ओळसुद्धा नसते. बघणाऱ्याला वाटतं, चालतं.

यंत्राच्या बाजूनेही रान ही वाईट जागा आहे. ‘परत ये’ ही सोय उंची मोजते ती उड्डाणाच्या जागेपासून, खालच्या जमिनीपासून नव्हे. दरीच्या तळातून उडवला, परतीची उंची चाळीस मीटर ठेवली आणि मधे नव्वद मीटरचा कडा असला, तर सिग्नल तुटल्यावर ड्रोन इमानेइतबारे कड्यावर जाऊन आदळतो. पानगळीनंतरच्या सागाच्या बारीक काटक्या समोरच्या सेन्सरला दिसत नाहीत. पाण्यावर आणि हलणाऱ्या उंच गवतावर खालचा सेन्सर फसतो. बहुतेक हौशी ड्रोन ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात, आणि मे महिन्यातल्या दुपारी आपला पारा त्यापुढेच असतो.

पडला की खरा प्रश्न सुरू होतो. कोअरमध्ये गाडीतून उतरता येत नाही, त्यामुळे आणायला जाणार कोण? लिथियम बॅटरी फांदीने भोसकली गेली तर लगेच पेटते किंवा काही मिनिटांनी पेटते, आणि खाली सागाची वाळकी पानं असतात. मध्य प्रदेशात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानतात. सफारीचा भरही नेमका तेव्हाच. त्याच दिवसांत जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर गोळा होतात, हेही लक्षात ठेवायला हवं.

ड्रोन गाडीत असेलच, कारण पुढे कुठे नर्मदाकाठी उडवायचाय, तर बॅटऱ्या यंत्रातून काढा. चार्ज निम्म्याच्या आसपास ठेवा, म्हणजे सेलमागे ३.८ व्होल्ट. तोंडांवर टोपणं किंवा चिकटपट्टी लावून त्या आगरोधक पिशवीत ठेवा. उन्हात उभ्या गाडीत सोडू नका. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नसते. सफारीच्या जिप्सीत पिशवी नेऊच नका, मुक्कामी ठेवा.

इंदूरकरांसाठी थोडं जवळचं. रालामंडळ हे अभयारण्य आहे. होळकरांच्या शिकारगृहावरून कितीही सुंदर शहर दिसत असलं तरी तिथे ड्रोन नको. सिरपूर तलाव महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे आणि विमानतळाच्या अगदी जवळ आहे. धावपट्टीच्या आवारापासून आठ किलोमीटरच्या आत मोकळं उड्डाण नाही, आणि आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात साठ मीटरचीच मुभा. यशवंत सागरही रामसरमध्ये, तिथे सारस आहेत. पावसाळ्यात ते पाणथळ शेतांत घरटं करतात, म्हणून काठची शेतंही सोडून द्यावीत. पाताळपाणी-जानापावकडे महूची छावणी आहे आणि बरीच जमीन वनखात्याची, तेव्हा नकाशा आणि रेंज ऑफिस दोन्हीकडे विचारल्याशिवाय पिशवी उघडू नये.

मार्च-एप्रिलमध्ये गहू निघाल्यावर माळव्यातली शेतं मोकळी पडतात, ती उडवायला उत्तम. मालकाला विचारा. गाडीपासून आणि लोखंडी फाटकापासून दूर उभे राहा, नाहीतर होकायंत्र चुकतं. दहाहून जास्त उपग्रह मिळून ‘घर’, म्हणजे परतीची जागा, नोंदल्याचा संदेश येईपर्यंत उचलू नका. पात्याच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकलं तर पातं बदला. सकाळी वारा कमी असतो, दुपारनंतर भोवरे उठतात. तीस टक्के बॅटरी उरली की परत फिरा, आणि डोळ्याआड जाऊ देऊ नका. घार मागे लागली तर पळू नका. सरळ वर चढवा. उभं चढणं तिला जड जातं. ती बाजूला गेली की उतरवा आणि त्या दिवशी ती जागा सोडा, कारण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत जवळच्या झाडावर बहुधा तिचं घरटं असतं.

उद्यानांच्या नाक्यांवरही एक साधी सोय व्हावी: तिकीट खिडकीजवळ हिंदी आणि इंग्रजीत ठळक पाटी, आणि ड्रोन जमा करायला पावतीसह कुलूपबंद कपाट, बॅटऱ्यांसाठी वेगळा पत्र्याचा खण, तोही सावलीच्या बाजूला.