तुम्ही विचारलंत म्हणून: घरातल्याच नेटवर्कवर एन्क्रिप्शन कशाला?

होमलॅब (घरच्या घरी शिकण्यासाठी मांडलेले सर्व्हर) उभारणारे एक प्रश्न हमखास विचारतात. सगळं घरातल्या घरात आहे, राउटरवर बाहेरून एकही पोर्ट उघडलेलं नाही, पासवर्डही वीस-वीस अक्षरांचे आहेत; मग एचटीटीपीएस (एन्क्रिप्ट केलेली वेब जोडणी), सर्टिफिकेट वगैरे खटाटोप कशासाठी?

पासवर्ड लांब ठेवला की अंदाज बांधणारा अडतो. वायरवरून जाताना तो वाचणाऱ्याला लांबीने काहीच फरक पडत नाही, आणि असा वाचणारा घराच्या आतही असू शकतो. स्वस्तातला कॅमेरा, अपडेट न होणारा टीव्ही, पाहुण्यांचा फोन, कुठूनतरी उचलून चालवलेला कंटेनर (तयार डब्यातलं सॉफ्टवेअर), यांतलं कोणतंही एक दुसऱ्याच्या ताब्यात गेलं तरी पुरतं. यावर नुसता विश्वास ठेवू नका, स्वतःच्या लॅबमध्ये करून बघा. अर्थात हे फक्त स्वतःच्या किंवा स्पष्ट परवानगी असलेल्या नेटवर्कवरच करायचं.

दोन व्हर्च्युअल मशीन पुरेत, दोन्हींवर डेस्कटॉप नसलेलं डेबियन लिनक्स, प्रत्येकी १ जीबी रॅम. एकावर टेलनेट (दुरून लॉगिन करायची जुनी पद्धत) सर्व्हर, व्हीएसएफटीपीडी हा एफटीपीचा (फाइली पाठवायची जुनी पद्धत) सर्व्हर आणि बेसिक ऑथ (वेबवर नाव-पासवर्ड विचारायची सर्वांत साधी पद्धत) लावलेला एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर. दुसऱ्यावर टेलनेट आणि एफटीपीचे क्लायंट, कर्ल (कमांड लाइनवरून वेब विनंती पाठवणारं) आणि टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पॅकेट टिपणारं). ही पॅकेजं आधी उतरवून घ्या आणि मगच दोन्ही मशीन हायपरवायझरच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) अंतर्गत नेटवर्कवर हलवा, कारण तिथे गेल्यावर इंटरनेट नसतं. लॉगिनसाठी नवं खातं काढा आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड द्या. क्लायंटवर टीसीपीडम्पने पॅकेट फाइलमध्ये साठवा आणि ती फाइल आपल्या रोजच्या संगणकावर वायरशार्क या पॅकेट वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. वायरशार्क रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) म्हणून चालवायची काही गरज नाही.

टेलनेटपासून सुरुवात करा. त्याच्या कोणत्याही पॅकेटवर ‘फॉलो टीसीपी स्ट्रीम’ निवडलंत की क्लायंटचा मजकूर लाल आणि सर्व्हरचा निळा दिसतो. युजरनेममधलं प्रत्येक अक्षर दोनदा येतं, एकदा लाल आणि एकदा निळं. टेलनेटमध्ये दाबलेली कळ आधी सर्व्हरकडे जाते आणि तो ती पडद्यावर उमटावी म्हणून परत पाठवतो, त्याचा हा परिणाम. पासवर्डच्या वेळी सर्व्हर परत पाठवणं थांबवतो. पडद्यावर काही उमटत नाही, त्यामुळे टाइप करणाऱ्याला पासवर्ड लपला असं वाटतं. स्ट्रीममध्ये मात्र तीच अक्षरं एकेकटी, लाल रंगात, ओळीने हजर असतात. मधे बॅकस्पेस दाबला असेल तर तिथे टिंब दिसतं, म्हणजे आधी काय चुकलं आणि मग काय टाइप केलं तेही वाचता येतं. एसएसएच या दुरून लॉगिन करायच्या एन्क्रिप्टेड पद्धतीचा जन्मच यातून झाला: १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड टिपले जात असल्याचं उघड झालं आणि टाटू यूलोनेन यांनी टेलनेटला पर्याय म्हणून ते लिहिलं.

एफटीपीत तर अक्षरं गोळा करायचेही कष्ट नाहीत. ‘युजर’ आणि ‘पास’ अशा दोन आज्ञा जातात आणि दोन्हींपुढे माहिती उघडी असते. पाठोपाठ सर्व्हरचा २३० आला तर लॉगिन झालं, ५३० आला तर नाही. पासवर्ड चालतो की नाही हे ऐकणाऱ्याला आयतंच कळतं. क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं, त्यामुळे हा प्रयोग कमांड लाइनवरूनच करावा लागतो.

एचटीटीपीवरच्या बेसिक ऑथमध्ये बरेच जण फसतात, कारण ऑथरायझेशन हेडरमधला मजकूर अगम्य दिसतो. तो फक्त बेस६४ आहे, म्हणजे बाइट साध्या अक्षरांत लिहायची एक पद्धत. त्याला किल्ली नाही, कुणीही तो उलटा फिरवू शकतो. बेस६४मध्ये तीन बाइटची चार अक्षरं होतात. ‘अॅडमिन’ची इंग्रजी पाच अक्षरं आणि पुढचा कोलन मिळून सहा बाइट, म्हणून अॅडमिन या खात्याने केलेल्या प्रत्येक बेसिक लॉगिनची पहिली आठ अक्षरं तंतोतंत तीच असतात, सरावलेल्या डोळ्याला ती न उलगडताही ओळखू येतात. वायरशार्क तर हेडरखाली युजरनेम आणि पासवर्ड स्वतःच उलगडून दाखवतो. शिवाय ब्राउझर हे हेडर एकदाच पाठवून थांबत नाही, पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर पाठवतो. टेलनेट ऐकणाऱ्याला लॉगिनचा नेमका क्षण साधावा लागतो, बेसिक ऑथमध्ये कधीही कान लावला तरी चालतं.

लॉगिनचा फॉर्म असला तरी पासवर्ड पोस्ट विनंतीच्या पोटात तसाच जातो. त्यानंतर मिळणारी सेशन कुकीही (लॉगिन झाल्याची खूण) साधीच असते, आणि ती उचलली की पासवर्डची गरजच उरत नाही.

कॅप्चर (पकडलेल्या पॅकेटची फाइल) रिकामं आलं तर लगेच निर्धास्त होऊ नका. क्लायंट आणि सर्व्हर एकाच मशीनवर असतील तर ट्रॅफिक लूपबॅकवरून, म्हणजे मशीनच्या आतल्या आतच जातं, नेटवर्क कार्डावर ते दिसणारच नाही. फिल्टरची भाषाही दोन ठिकाणी वेगळी आहे: पकडताना ‘टीसीपी पोर्ट २१’ असं मधे जागा सोडून लिहायचं, वायरशार्कमध्ये बघताना ‘टीसीपी’ आणि ‘पोर्ट’ यांच्या मधे टिंब, मग दोनदा बरोबरचं चिन्ह आणि २१. आणि ब्राउझर परस्पर एचटीटीपीएसकडे वळला असेल तर पोर्ट ८० वर काही सापडणार नाही. इथे कर्ल बरा.

आता यावरचा नेहमीचा आक्षेप. स्विच (उपकरणं वायरने जोडणारी पेटी) तर दोन मशीनमधलं ट्रॅफिक तिसऱ्याला देतच नाही. बरोबर आहे, तिसऱ्या मशीनवर वायरशार्क लावलात तर ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्टपलीकडे फारसं काही दिसत नाही. पण आयपी पत्ता कोणत्या उपकरणाचा हे ठरवणाऱ्या एआरपीमध्ये ओळख पटवण्याची सोयच नाही. १९८२ पासून तो तसाच आहे: ‘गेटवेचा (राउटरचा) पत्ता माझा’ असं एखाद्या उपकरणाने सांगितलं की बाकीची उपकरणं सहसा ते मानतात आणि ट्रॅफिक त्याच्यामार्फत जाऊ लागतं. स्विच ही वेगासाठी केलेली सोय आहे, सुरक्षेचं साधन म्हणून तिच्यावर विसंबणं मला अजिबात पटत नाही. वायफायवर डब्ल्यूपीए२ ही सुरक्षा पद्धत आणि सगळ्यांना एकच पासफ्रेज असेल, तर तो माहीत असलेला कुणीही एखाद्या उपकरणाचा जोडणीच्या वेळचा चार टप्प्यांचा हँडशेक पकडून त्याचं ट्रॅफिक उलगडू शकतो. डब्ल्यूपीए३ मध्ये ही वाट बंद आहे. हायपरवायझरच्या ब्रिजवर (आतल्या स्विचवर) तर होस्टला, म्हणजे मूळ संगणकाला, सगळंच दिसतं. आणि होस्ट नेटवर्किंग (मूळ संगणकाचंच नेटवर्क) दिलेला डॉकर कंटेनर रूट म्हणून चालत असेल तर होस्टचं ट्रॅफिक ऐकू शकतो, कारण कच्चे सॉकेट उघडायची परवानगी डॉकर मुळातच देऊन ठेवतो.

माझ्या मते खरा धोका मात्र ‘आम्ही एचटीटीपीएस लावलंय’ असं सांगणाऱ्या लॅबमध्येच जास्त असतो. रिव्हर्स प्रॉक्सी (अॅपच्या पुढे बसून विनंत्या घेणारा सर्व्हर) लावली, ब्राउझरमध्ये कुलूप आलं. पण टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन, प्रॉक्सीपाशी संपतं. मागचा अॅप दुसऱ्या मशीनवर असेल तर तिथपर्यंतचा प्रवास साध्या एचटीटीपीचाच, आणि अॅपचं पोर्ट ८०८० उघडंच राहिलं असेल तर जुन्या बुकमार्कवरून लोक थेट तिथेच लॉगिन करत राहतात. अॅप आणि प्रॉक्सी एकाच मशीनवर असतील तर डॉकरमध्ये पोर्ट जाहीर करताना आधी १२७.०.०.१ जोडा, म्हणजे ते बाहेरून पोचण्याजोगंच राहत नाही. वेगळ्या मशीनवर असतील तर मधे वायरगार्ड (एन्क्रिप्टेड बोगदा) टाका किंवा अॅपलाही सर्टिफिकेट द्या.

एलडॅपचं प्रकरण तर याहून लपलेलं. सगळ्या सेवांना एकच लॉगिन हवं म्हणून एलडॅप (खात्यांची सामाईक यादी ठेवणारा) सर्व्हर उभारला जातो. वापरणारा कुलूप बघून निश्चिंतपणे पासवर्ड टाकतो, अॅप तो उलगडतो आणि पोर्ट ३८९ वर सिंपल बाइंडने (नाव-पासवर्ड थेट देणाऱ्या लॉगिनने) एलडॅपकडे उघडा पाठवतो. म्हणजे घरातला सर्वांत मोलाचा पासवर्ड, प्रत्येक लॉगिनला, सर्व्हर ते सर्व्हर. वापरणाऱ्याच्या बाजूने कॅप्चर केलंत तर हे कधीच दिसणार नाही. ते अॅपच्या मशीनवर करावं लागतं. उपाय पोर्ट ६३६ वरचं टीएलएस किंवा ३८९ वरच स्टार्टटीएलएस (तीच जोडणी टीएलएसवर नेणं), आणि सर्व्हरने एन्क्रिप्शनशिवाय आलेलं बाइंड नाकारलंच पाहिजे. नुसती सोय ठेवून भागत नाही, कारण एखादं अॅप गुपचूप जुन्याच वाटेने जात राहतं.

दुरुस्तीत टेलनेट आणि एफटीपी बंद करून एसएसएच आणि एसएफटीपी (एसएसएचवरून फाइली पाठवणं) आणणं सगळ्यात सोपं, ते आजच करा. वेबसाठी स्वतःचं डोमेन असेल तर लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून डीएनएस-०१ पद्धतीने (डोमेनच्या डीएनएसमध्ये नोंद घालून) सर्टिफिकेट घ्या. त्यासाठी बाहेरून एकही पोर्ट उघडावं लागत नाही. फक्त अशा सर्टिफिकेटमधली नावं सार्वजनिक नोंदीत जातात, म्हणून प्रत्येक सेवेच्या नावाने वेगळं घेण्यापेक्षा वाइल्डकार्ड (डोमेनखालच्या सगळ्या नावांना चालणारं) घ्या. स्वतःचं डोमेन नसेल तर कॅडी हा वेब सर्व्हर स्थानिक सर्टिफिकेट अधिकारी तयार करतो. त्याचं रूट सर्टिफिकेट प्रत्येक उपकरणावर बसवा. ते टाळून इशारा दिसला की ‘पुढे जा’ दाबायची सवय लावून घेतलीत, तर खरोखर कुणी मधे बसलं तरी तुम्ही तसंच दाबाल. एमक्यूटीटी (स्मार्ट उपकरणांचे निरोप वाहणारी पद्धत) पोर्ट १८८३ वरून टीएलएसच्या ८८८३ वर न्या. एसएनएमपीची (उपकरणांवर नजर ठेवायच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती आणि २सी दोन्ही सोडा, कारण त्यांची कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डच, उघडीच जाते. आवृत्ती ३ मध्ये ओळख आणि एन्क्रिप्शन दोन्ही चालू करा. ज्या उपकरणाला यातलं काहीच जमत नाही ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाका आणि त्याचा पासवर्ड दुसरीकडे वापरू नका.

बदल केल्यावर तेच कॅप्चर पुन्हा घ्या. टीएलएसची सुरुवात करणारा ‘क्लायंट हॅलो’ दिसायला हवा आणि त्यानंतर वाचता येण्याजोगा मजकूर नको. सर्व्हरचं नाव त्या हॅलोमध्ये सहसा अजूनही दिसतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पासवर्ड बदलताना क्रम सांभाळा. आधी टीएलएस, मग नवा पासवर्ड. उलटं केलंत तर नवाही त्याच उघड्या वाटेने जातो. बदलायची यादी पहिल्या कॅप्चरमधूनच काढा. वायरशार्कच्या टूल्स मेनूतलं ‘क्रेडेन्शियल्स’ त्यातले बरेचसे एकत्र दाखवतं, पण एलडॅपसारखे काही तिथे सुटू शकतात, ते पॅकेट उघडून बघा. यादी झाली की कॅप्चरच्या फाइली बॅकअपसकट पुसून टाका आणि मदत मागतानाही त्या कुणाला पाठवू नका.