९५ वाला पीसी ठणठणीत, आजारी भलताच निघाला

मे महिन्यातलं नागपूर, बाहेर ४५ अंश, माझ्या कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात डेझर्ट कूलर फुल्लवर असूनही ३८ च्या खाली काही येत नव्हतं, आणि अशात लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ करणारे एक काका दोन सीपीयू घेऊन आले. एक नवा कोरा, एएमडी कंपनीच्या रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसरवाला. दुसरा जुना, इंटेलच्या आय५ १०४०० वाला. काकांचं टेन्शन नव्याचं. "भाऊ, हा जळून राहिला, रेंडरला टाकला की ९५ दाखवते. एकाने सांगितलं प्रोसेसर गेला, बदला." जुना फक्त साफ करायला आणला होता, "तो बिचारा स्लो झाला, पण गरमबिरम होत नाही." गरम होत नाही हे कशावरून, तर त्यात टेम्परेचर दाखवणारं सॉफ्टवेअरच टाकलेलं नव्हतं.

आधी नवा लावला. रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची फाइल बनवायचं काम) टाकला, टेम्परेचर आणि स्पीड दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडलं. गेला ९५ ला आणि तिथेच थांबला. पण मी टेम्परेचरआधी क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा स्पीड, बघतो, आणि तो सगळ्या कोअरवर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) ५ गिगाहर्ट्झच्या आसपास होता, याचा बेस क्लॉक, म्हणजे मूळ स्पीडच, ४.५ आहे. म्हणजे पूर्ण ताकदीने पळतोय. ही ७००० सिरीज २०२२ मध्ये आली तेव्हाच एएमडीने सांगितलं होतं की फुल लोडला ९५ पर्यंत जाणं हे डिझाइनमध्येच आहे, कूलिंगला जागा असेल तेवढा तो स्पीड वाढवत जातो. वर खोलीच ३८, तर प्रोसेसरवरचा कूलर टेम्परेचर ९५ च्या खाली कसं नेणार? २५ च्या एसी रूममध्ये घेतलेले यूट्यूबचे आकडे बघून आपल्याकडचा पीसी जोखण्यात काही अर्थ नसतो.

मग सहज जुना लावला. आणि इथे मजा. लोड दिला आणि तीन-चार सेकंदात १००, खाली थ्रॉटलिंगसमोर (तापल्यावर प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो ते) लाल 'येस', क्लॉक धाडकन २ गिगाहर्ट्झच्याही खाली, नॉर्मल असता तर सगळ्या कोअरवर ४ च्या जवळपास मिळायला पाहिजे. धुळीने जाम झालेला पीसी असा वागत नाही, तो पाच-दहा मिनिटं हळूहळू चढत जातो. इतक्या झटक्यात शंभर म्हणजे उष्णता प्रोसेसरमधून बाहेरच पडत नाहीये. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरवरच्या कूलरमधल्या धातूच्या ठोकळ्याच्या, कडेला बोट लावलं तर जेमतेम कोमट. आत शंभर आणि वर कोमट, मग आणखी काय बघायचं!

टॉर्च मारला. इंटेलच्या प्रोसेसरसोबत येणाऱ्या स्टॉक कूलरला चार प्लास्टिकच्या पुशपिन असतात, त्यातली एक तुटून कूलर एका कोपऱ्यात उचलला गेला होता, कागद आरपार जाईल एवढी फट. उष्णता कूलरपर्यंत नेणारी खालची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. या पिना म्हणजे इंटेलने केलेला छळ आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण ते असो. ११५१ सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) आणि याच्या १२०० ची कूलरची भोकं सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे भंगारातल्या जुन्या कूलरची पिन काढून लावली, नवी पेस्ट टाकली, समोरासमोरच्या पिना जोडीने दाबल्या, चारही टकटक बसल्या. परत तोच लोड, बराच वेळ चालवला, ८० च्या आसपास जाऊन स्थिर. त्या उकाड्यात अगदी बरोबर.

काका बघतच राहिले. "म्हणजे हाच आजारी होता? आणि स्लो झाला म्हणून मी तो नवा घेतला ना!" यावर मी काय बोलणार.

तरी नव्याचा ९५ त्यांच्या डोक्यातून जाईना. शेवटी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन नावाने ६५ वॉटचा असलेला इको मोड, म्हणजे कमी वीज ओढायची सेटिंग, लावून दिला, त्यात १४२ वॉटपर्यंत ओढणारा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वर अडतो, रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो. टेम्परेचर सत्तरीत आलं. काका म्हणे, "हेच पाहिजे होतं भाऊ, तो आकडा पाहूनच माझं बीपी वाढून राहिलं होतं."