स्टोइकोविचची वही : लिस्बनचा सिंह एकदाचा जमला

मंडळी, महिनाभर गायब होतो तो या सिंहापायी.

नव्यांसाठी थोडक्यात : मी एकाच गोलकीपरची वही करतोय. व्लादिमिर स्टोइकोविच, जन्म १९८३, गाव लोझनित्सा, सर्बिया. प्रत्येक क्लबला एक पान. वर रंगीत पेन्सिलीने काढलेलं क्लबचं बोधचिन्ह, खाली सामन्यांच्या नोंदी. छापील स्टिकर चिकटवायचा नाही, हा नियम माझाच. आता भोगतोय.

लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबचा सिंह मागच्या दोन पायांवर उभा असतो. दोनदा त्याचं मांजर झालं. तिसऱ्यांदा आधी आयाळ काढली, मग पंजे, तेव्हा कुठे जमला. इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबचं झाड मात्र दहा मिनिटांत उरकलं. तिथे स्टोइकोविच टिकलाही जेमतेम अर्धा हंगाम.

सिंहाखालची नोंद दुःखाची आहे. ऑगस्ट २००७, पोर्तोविरुद्ध. आपल्याच बचावपटूकडून आलेला चेंडू याने हातात उचलला, ते चालत नाही म्हणून पंचांनी पोर्तोला इनडायरेक्ट फ्री किक दिली, त्यावर मेइरेलेशचा गोल, सामना ०-१. त्याच हंगामात १९ वर्षांच्या रुई पात्रिसिओने जागा घेतली. फ्रान्सच्या नाँतमध्येही असंच : हा २००६ मध्ये गेला आणि काही महिन्यांत फ्रान्सचा नामांकित कीपर बार्थेझ येऊन बसला, मग हा लोनवर (उसना) नेदरलँड्सच्या व्हिटेसला. स्ट्रायकर दोन खेळवता येतात, कीपर एकच. दुसऱ्याने बॅग भरायची.

स्पेनचा खेताफे, इंग्लंडचा विगन ही पानं पटकन झाली. विगनमधून थेट २०१० चा वर्ल्ड कप, तोही पहिल्या पसंतीचा कीपर म्हणून! १८ जून, पोर्ट एलिझाबेथ. जर्मनीविरुद्ध सर्बिया १-० ने पुढे, जर्मनीचा क्लोझे लाल कार्ड मिळून बाहेर, आणि सर्बियाच्या विदिचचा हात लागल्यामुळे पेनल्टी. पोडोल्स्कीची किक याने अडवली. वर्ल्ड कपच्या चालू सामन्यात जर्मनीची पेनल्टी हुकायची ती १९७४ नंतर पहिलीच वेळ. ती क्लिप मी किती वेळा मागेपुढे केली, विचारू नका.

सध्या पार्टिझानवर अडलोय. हा मूळचा बेलग्रेडच्या रेड स्टारचा, आणि २०१० मध्ये गेला त्याच शहरातल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या, पार्टिझानच्या घरी. २८ सप्टेंबरला आर्सेनलविरुद्ध आर्शाविनची पेनल्टी अडवली (सामना हरले, १-३). दोनच आठवड्यांनी, १२ ऑक्टोबरला जेनोआत, इटलीविरुद्धच्या सामन्याआधी राष्ट्रीय संघाच्या बसमध्ये स्वतःच्याच देशाच्या प्रेक्षकांनी त्याच्यावर हल्ला केला. दुसरा कीपर ब्रकिच गोलमध्ये उभा राहिला, मैदानात फ्लेअर (जळत्या नळकांड्या) पडू लागले, काही मिनिटांत सामना बंद, निकाल इटलीला ३-० बहाल. याला एक पान पुरत नाही, दोन दिलीत.

तरी बाबा पार्टिझानकडे परत परत आलाच. ग्रीसमधल्या क्रीटचा एर्गोटेलिस, मग इस्रायलचा मक्काबी हायफा, फॉरेस्ट, पुन्हा पार्टिझान. २०१८ ला रशियातल्या वर्ल्ड कपमध्ये सर्बियाचे तिन्ही सामने खेळला. मग सौदीचा अल फैहा, आणि पुन्हा पार्टिझानच. प्रत्येक वेळी नवं पान द्यायचं की जुन्यावरच तारखा वाढवायच्या? मी जुन्यावरच वाढवतोय.

एक अडचण. पार्टिझानच्या काळ्या पट्ट्या पेन्सिलीने चकाकतात आणि वही मिटली की समोरच्या विगनवर उतरतात. सध्या मध्ये बटर पेपर घातलाय. मॅट काळा आणि न घासणारा, असा काही कोणाकडे उपाय असेल तर सांगा.