आमची वाटचाल: एक्सेलच्या यादीपासून बिलाच्या काउंटरपर्यंत

२०१६ साली मी आणि माझा मावसभाऊ, आम्ही दोघांनी सांगलीत किराणा दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करायला घेतलं. विश्रामबागेत भाड्याची एक खोली आणि दोन संगणक. सॉफ्टवेअर दाखवलं की लोकांना आवडायचं, पण घोडं अडायचं एकाच ठिकाणी. "आमचा माल यात भरणार कोण?" बऱ्यापैकी किराणा दुकानात चार-पाच हजार वस्तू सहज निघतात. प्रत्येकीचं नाव, बारकोड, एमआरपी, विक्रीचा दर, कर, एकक. गणपती पेठेतले एक काका म्हणाले, "गिऱ्हाईक बघू का तुमच्या डब्यात यादी टाइप करत बसू?" त्यांचं खरं होतं.

यादी तर बहुतेकांकडे होतीच. कुणाच्या पुतण्याने एक्सेलमध्ये केलेली, कुणाच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलेली. ती थेट आमच्या डेटाबेसमध्ये उतरवायची असं ठरवलं. एक्सेलची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकुराची फाइल करायची आणि मायएसक्यूएल या डेटाबेसच्या टेबलमध्ये, म्हणजे तक्त्यात ओतायची, एवढाच पहिला प्रोग्रॅम होता. चार दिवसांत झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, बऱ्याच जणांना एचएसएन कोडसह (वस्तूचा प्रकार सांगणारा आकडा, ज्यावरून कर ठरतो) बिल हवं झालं आणि आमच्याकडे कामाची रीघ लागली.

त्याच गर्दीत आमच्या हातून मोठी चूक झाली. एका दुकानाची यादी रात्री चढवली. सकाळी मालकांनी साबणाची वडी स्कॅन केली तर 'वस्तू सापडली नाही'. दुसरी केली, तेच. बारकोड तेरा आकड्यांचा असतो. एवढी मोठी संख्या एक्सेल ८.९०१०३ई+१२ अशी आखडून दाखवतो, आणि सीएसव्ही करताना जे दिसतं तेच फाइलमध्ये जातं. शेवटचे आकडे गेले ते गेले. भारतात नोंदलेले बारकोड ८९० ने सुरू होतात आणि त्यापुढचे काही आकडे कंपनीचे असतात. त्यामुळे एकाच कंपनीच्या साबणापासून चहापर्यंत सगळ्या वस्तूंचा बारकोड ८९०१०३००००००० असा एकच झाला. आमचा प्रोग्रॅम बारकोडवरून वस्तू ओळखायचा, म्हणून प्रत्येक नवी ओळ आधीच्या ओळीवर चढत गेली आणि शेवटची तेवढी उरली. मालकांकडे मूळ फाइल नव्हती, तीच मोडकी सीएसव्ही होती. दोन रात्री आम्ही दोघं त्यांच्या दुकानात उभे राहून फळीवरचं एकेक पाकीट स्कॅन करत होतो. मालकांच्या घरून दोन्ही रात्री जेवणाचा डबा आला. तो घास मला अजून आठवतो.

ही चूक पकडता आली असती, हे जास्त लागलं. बारकोडचा तेरावा आकडा पडताळणीचा असतो. पहिल्या बारांतले विषम जागेवरचे आकडे तसेच घ्यायचे, सम जागेवरच्यांना तिनाने गुणायचं, बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते बघायचं. वरच्या मोडक्या बारकोडची बेरीज ४७ येते, म्हणजे शेवटी ३ हवा होता. होतं शून्य. चार ओळींचा हिशोब प्रोग्रॅममध्ये असता तर ती यादी दारातच अडली असती.

तेव्हापासून कुठलीच यादी आम्ही थेट आत घेत नाही. फाइल सीएसव्ही न करता तशीच वाचतो, बारकोड संख्या म्हणून नव्हे तर मजकूर म्हणून, आणि सगळं आधी एका कच्च्या टेबलमध्ये ठेवतो. तिथे एचएसएन तपासतो. हळदीचा ०९१०, चहाचा ०९०२. एक्सेल सुरुवातीचं शून्य गिळतो आणि ९१० उरतं. एचएसएन कधी विषम आकड्यांचा नसतो, त्यामुळे हे लगेच कळतं. एकाच बारकोडवर दोन एमआरपी दिसल्या तर ती चूक नसते, जुना आणि नवा माल शेजारी असतो. दोन्ही ठेवाव्या लागतात. सगळ्यात जास्त वेळ मराठी नावांनी खाल्ला. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं साठवायच्या आजच्या एकसारख्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. 'जिरे' आणि 'मिरी' नीट दिसेपर्यंत आम्ही कितीतरी दिवस घातले.

एक नियम मात्र कधी मोडला नाही. शंका आली की प्रोग्रॅमने अंदाज करायचा नाही. ती ओळ अडवायची आणि मालकांना विचारायचं. यादी त्यांची आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. पेठेतल्या कितीतरी दुकानांचे संगणक पाण्याखाली गेले. आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाची मूळ फाइल तारखेसह जपून ठेवायचो, पुढेमागे वाद नको म्हणून. पाणी ओसरल्यावर त्याच फाइलींवरून याद्या पुन्हा उभ्या केल्या. त्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

आज आम्ही सात जण आहोत. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर आली. ज्यांचे एचएसएन स्वच्छ होते त्यांच्या याद्या काही मिनिटांत बदलल्या. आदल्या रात्री गणपती पेठेतले तेच काका फोनवर होते. त्यांच्या यादीतल्या ३७ ओळी अडल्या होत्या. दुकानात बसून ते एकेक पाकीट हातात घेऊन वाचून दाखवत होते, आणि मावसभाऊ इकडे भरत होता.