नेहमीचंच असतं

सोमवार, रात्री पावणेबारा. हॉस्टेल.

झोप नाही. उद्या आठची ड्युटी, पहिलीच, आणि मी पांघरुणात मोबाइलचा टॉर्च धरून लिहितेय, कारण शेजारच्या कॉटवरची इव्हिनिंग करून येऊन आत्ताच आडवी झालीय.

आज हॉस्पिटलच्या नर्सच्या नोकरीच्या बॉण्डवर सही केली. दोन वर्षं. मधेच सोडलं तर एक लाख. हे सगळं आधीपासून माहीत होतं, आमच्या बॅचच्या ग्रुपवर सहा महिने दुसरा विषयच नाही. त्यामुळे बॉण्डचं दुःख वगैरे नाही. म्हणजे आहे, पण ते नंतर.

खुपतंय ते एक वाक्य. अप्पांनी दुसऱ्या पानावर बोट ठेवून विचारलं, "यात काय लिहिलंय गं?" आणि मी म्हणाले, "काही नाही अप्पा, नेहमीचंच असतं."

पाच पानं, सगळी इंग्रजी. मी तरी कुठं वाचली होती? वाचल्यासारखं केलं. ओळींवरून डोळे फिरवले, दोनदा मान हलवली, एक पान उलटून परत मागं घेतलं, म्हणजे समोरच्या एचआरच्या मॅडमना वाटावं मुलगी बारकाईनं बघतेय. त्या बघतही नव्हत्या. बाहेर बाकावर आणखी सहाजणी होत्या, प्रत्येकीबरोबर एक वडील नाहीतर भाऊ, मांडीवर फाइल. "रुटीन आहे," एवढंच मॅडम म्हणाल्या आणि पेन पुढं केलं.

अप्पा जामीनदार. सोसायटीच्या कर्जाचा कागद हा माणूस चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून वाचतो. गटसचिव वैतागतो, "करा की अप्पा सही, मी काय पळून चाललोय?" तरी वाचतो. आणि आज माझ्या एका वाक्यावर पाच पानं. त्यांची सही करायची एक पद्धत आहे. आधी सगळी अक्षरं सुटी सुटी, मग पेन उचलून डावीकडून उजवीकडं एका दमात शिरोरेषा, पट्टी लावल्यासारखी. मॅडम "इथं, इथं पण, इथं पण" म्हणत पानं सरकवत होत्या. चौथ्या पानावर शिरोरेषा तिरकी गेली. पाचव्यावर काढलीच नाही. अक्षरं तशीच उघडी राहिली.

काही नाही, नेहमीचंच असतं.

हे वाक्य माझ्या तोंडात आलं कुठून, ते मला नाशिक फाट्याला बसमध्ये आठवलं. नर्सिंगच्या थर्ड इयरला मेल सर्जिकल वॉर्डला असताना रात्री डॉक्टर सर सांगायचे, सतरा नंबरच्या पेशंटची ऑपरेशनच्या फॉर्मवर सही घेऊन ये. समजावून सांगायचं काम त्यांचं, पण ते ऑपरेशन थिएटरात, आणि फॉर्म माझ्या हातात. हर्नियाचे एक काका होते. त्यांनी असंच बोट ठेवलं होतं. "पोरी, यात मरायचं कशाला लिहिलंय?" मी म्हणाले, "ते सगळ्यांच्याच फॉर्मवर असतं काका, नेहमीचंच आहे." त्यांनी अंगठा दिला. मी स्पिरिटच्या बोळ्यानं शाई पुसून दिली, आणि पुसताना त्यांनी हात माझ्या हातात ढिला सोडून दिला होता. काका चौथ्या दिवशी चालत घरी गेले, तसं काही झालं नाही. पण परीक्षेच्या पेपरात कन्सेंटवर, म्हणजे पेशंटच्या संमतीवर, मी लिहिलं होतं: पेशंटला त्याच्या भाषेत, घाई न करता, धोके समजावून. पाचपैकी चार मार्क.

एचआरच्या मॅडमचा राग येत नाही तो म्हणूनच. त्यांचा आवाज माझाच होता.

राग यायचा तो दुसऱ्या गोष्टींचा. पगार १८ हजार. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१६ मध्ये सांगितल्यावर केंद्रानं समिती नेमली, तिनं शिफारस केली की ५० खाटांच्या आतल्या खाजगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सला २० हजारांच्या खाली देऊ नका, आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकं द्या. आमच्याकडं खाटा तीनशेच्या वर. शिफारस म्हणजे डिस्चार्ज कार्डावर खाली छापलेलं "पूर्ण विश्रांती घ्या". पुढं कोण घेतं?

आणि ओरिजिनल. दहावी, बारावी, तिन्ही वर्षांच्या मार्कशीट, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. पावती म्हणून पॅडच्या कागदावर शिक्का. हे असं ठेवून घ्यायचं नाही, बॉण्डही घ्यायचा नाही, असं इंडियन नर्सिंग कौन्सिल कधीचं सांगून बसलंय. कॉलेजात आमच्या केरळच्या ट्यूटर मॅडम सांगायच्या, २०११ ला मुंबईत ओरिजिनल परत द्या म्हणून नर्सेसनी काम बंद केलं होतं, त्यांच्या ओळखीतल्या मुली त्यात होत्या. सांगताना नेहमी एका मुलीपाशी येऊन थांबायच्या आणि म्हणायच्या, चला, पुस्तक काढा.

आता सरकारी भरती निघाली तर कागद तपासणीला काय घेऊन जाऊ? तो पॅडचा कागद?

दादूला विचारलं, तो एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला म्हणजे घरातलं हायकोर्ट. त्यानं नऊ मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. १८७२ चा करार कायदा, कलम ७४, बॉण्डवर लाख लिहिले म्हणून लाखच मिळतात असं नाही, वाजवी असेल तेवढीच भरपाई. मी जरा सावरले. मग सातव्या मिनिटाला म्हणाला, पण २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉण्ड योग्य ठरवलाय. सातव्या मिनिटाला सांगतात का असं?

बरं, लाख कशाचे, तर "प्रशिक्षणाचा खर्च". प्रशिक्षण झालं तीन दिवस. पहिल्या दिवशी आग विझवायचं नळकांडं, दुसऱ्या दिवशी कोड ब्लू, म्हणजे पेशंटचं हृदय थांबलं तर द्यायचा इशारा, आणि फोन उचलल्यावर काय म्हणायचं, तिसऱ्या दिवशी हात धुणे. हात धुणे मी तीन वर्षं धुतेय. दिवसाला तेहतीस हजार झाले. एवढ्या फीचं कॉलेज आमच्या तालुक्यात असतं तर अप्पांनी लांबूनच नमस्कार केला असता.

हे लिहिताना हसू आलं, शेजारची कूस बदलून "झोप गं" म्हणाली.

दोन वर्षं म्हणजे ७३० दिवस. आठवड्याच्या सुट्ट्या काढल्या की ६२६. त्यात नाइट किती ते देवाला आणि इनचार्ज सिस्टरना माहीत. आणि एक फायदा मला आत्ता सुचला. बार्शीच्या मावशीनं रविवारी परत एक स्थळ आणलं होतं. आता सरळ सांगायचं, मावशी, बॉण्ड आहे, स्टॅम्प पेपरवर, मोडला तर लाख रुपये. मुलाकडचे भरणार असतील तर बघू. तेवढ्यासाठी पाचशेचा स्टॅम्प वसूल.

बॅचमधली प्रियांका जर्मनीला जायचं म्हणून जर्मन शिकतेय, ती म्हणते तू घाई केलीस. असेल.

साडेदहाला अप्पांचा फोन आला होता. संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं कुर्डुवाडीला उतरले, तिथून गावातल्याच कुणाच्या तरी गाडीवर घरी. "पोचलो. जेवलो. तू जेवलीस का?" मग जरा थांबून म्हणाले, "ते कागद आहेत ना, त्यांचा फोटो काढून पाठव. दादूकडून वाचून घेतो सगळं. तिथंच विचारणार होतो परत, पण तुझा जीव वरखाली होत होता, म्हटलं राहू दे."

मी "हो, पाठवते" म्हणाले.

पाठवू काय? पाचही पानं मॅडमच्या कपाटात आहेत. माझ्याकडं एकही नाही, मागितलंच नाही. म्हणजे अप्पांना मी दिवसात दोनदा गप्प बसवलं.

उद्या दोनला पुढच्या सिस्टरला ओव्हर दिली की तिसऱ्या मजल्यावर मॅडमकडं जाते. झेरॉक्सचे पैसे मीच देईन म्हणावं.