पीटरचा नकार

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

संध्याकाळी मुलाला शेजारी बसवून 'फाइंडिंग नेव्हरलँड' पाहिला. २००४ सालचा हा चित्रपट मी पूर्वी एकदा पाहिला होता, तेव्हा माझे सारे लक्ष नाटककार जेम्स बॅरी आणि सिल्व्हिया यांच्यातल्या अबोल ओढीकडे होते आणि मुले म्हणजे त्या गोष्टीची निव्वळ शोभा वाटली होती. आज मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझी नजर सिल्व्हियाच्या पीटर नावाच्या मुलावर खिळून राहिली, कारण माझ्या शेजारी बसलेला मुलगाही दहा वर्षांचा आहे आणि गेल्या श्रावणात त्याचे आजोबा गेल्यापासून तोही असाच मोजके बोलतो.

चित्रपट घडतो तो १९०३ सालच्या लंडनमध्ये. बॅरीचे नवे नाटक पहिल्याच रात्री पडलेले आहे, घरात पत्नीशी धड बोलणे उरलेले नाही, आणि अशा दिवसांत केन्सिंग्टन गार्डन्समध्ये त्याची सिल्व्हिया या तरुण विधवेशी आणि तिच्या चार मुलांशी गाठ पडते. मुलांना रिझवण्यासाठी तो आपल्या थोराड कुत्र्याचे पुढचे पंजे हातात धरून नाचू लागतो, हे अस्वल आहे असे सांगतो, आणि पाहता पाहता बागेतली हिरवळ जाऊन तिथे सर्कशीचे रिंगण उभे राहते. पीटरचे म्हणणे एवढेच असते की हा नुसता कुत्रा आहे. बाकीची भावंडे खेळात केव्हाच शिरलेली असतात. हा एकटा बाहेर उभा राहतो.

मुलांच्या कल्पनाशक्तीतून नाटक सुचलेल्या लेखकाची गोष्ट, असे या चित्रपटाचे वर्णन नेहमी केले जाते आणि ते चूक नाही. मुलांची करारी आजी कोट टांगायचा आकडा हातात घेऊन दटावते, तेव्हा बॅरीला तिच्या जागी चाच्यांचा म्होरक्या दिसतो. मुले पलंगावर उड्या मारतात, तेव्हा ती खिडकीतून बाहेर तरंगत गेलेली दिसतात. पण या चित्रपटाचा कणा मला अशा प्रसंगांत सापडला नाही. ज्याला कल्पना नकोच आहे, अशा मुलापाशी तो आहे.

पीटरला खेळ समजत नाही असे नाही. वडील बरे होणार अशी आशा त्याला मोठ्यांनी दाखवली होती आणि ते गेले, म्हणून तेव्हापासून प्रत्येक 'समजा'च्या मागे त्याला फसवणूक दिसते. आई खोकू लागते आणि सारे जण पुन्हा काही विशेष नाही म्हणू लागतात, तेव्हा तो बॅरीने दिलेली वही फाडतो आणि खेळातल्या नाटकासाठी उभारलेला छोटा रंगमंच मोडून टाकतो. फ्रेडी हायमोर या बालनटाने हा प्रसंग इतक्या सच्चेपणाने केला आहे की मी पडद्याकडे पाहायचे सोडून मुलाकडे पाहिले. तो गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि त्याची पापणीही लवत नव्हती.

आमच्या घरी जे घडले ते इथे लिहून ठेवते. बाबा रुग्णालयात होते, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला संध्याकाळीच स्पष्ट कल्पना दिली होती, तरी घरी येऊन मी मुलाला सांगितले की आजोबांना परवा घरी आणायचे आहे. बाबा त्याला रोज रात्री एक लांबलचक गोष्ट तुकड्यातुकड्याने सांगत असत. ती एका कोकणी तांडेलाची होती, आणि त्याचे गलबत वादळ चुकवत दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी आले होते. परवा गलबत खाडीत शिरेल, या आनंदात मुलगा झोपला. पहाटे फोन आला. त्यानंतर त्याने माझ्याकडे एकदाही गोष्ट मागितली नाही, आणि तो मोठा झाला म्हणून मागत नाही अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले.

मुलगा झोपल्यावर मी बॅरीच्या खऱ्या आयुष्याविषयी वाचत बसले. खऱ्या हकिकतीत सिल्व्हिया विधवा नव्हती. बॅरीची या कुटुंबातल्या मुलांशी पहिली भेट १८९७ मध्ये झाली, तेव्हा थोरले जॉर्ज आणि जॅक दाईबरोबर बागेत येत आणि पीटर बाबागाडीत होता. त्यांचे वडील आर्थर ल्युएलिन डेव्हिस हे वकील होते आणि 'पीटर पॅन' या, कधीही मोठ्या न होणाऱ्या मुलावरच्या बॅरीच्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला तेव्हाही ते हयात होते. जबड्याच्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला तो १९०७ मध्ये, आणि सिल्व्हिया गेली १९१० मध्ये. मुलेही चार नव्हती, पाच होती. धाकटा निको चित्रपटात नाहीच. पटकथेसाठी काळ आवळावा लागतो हे मला मान्य आहे. तरीही एका जिवंत बापाला कथेच्या सोयीसाठी आधीच मारून टाकणे मला आज फार लागले. दुसरा एक माणूस आपल्या मुलांच्या बालपणात रोज अधिकाधिक जागा व्यापतो आहे, हे आर्थरने कसे सोसले असेल, याची एक ओळ तरी या चित्रपटात हवी होती.

उलट बॅरीच्या बालपणाचा प्रसंग चित्रपटाने मायेने जपला आहे. स्कॉटलंडमधल्या किरिम्युअर गावी एका विणकराच्या घरी १८६० मध्ये त्याचा जन्म झाला. त्याचा थोरला भाऊ डेव्हिड बर्फावर घसरण्याच्या खेळात अपघात होऊन चौदावा वाढदिवस तोंडावर आलेला असताना गेला आणि आईने अंथरूण धरले. सहा वर्षांचा जेम्स भावाचे कपडे घालून तिच्यापुढे उभा राहिला. चित्रपटातला बॅरी सिल्व्हियाला सांगतो की त्या दिवशी आईने पहिल्यांदा त्याच्याकडे खरोखर पाहिले. बॅरीने आईवर लिहिलेल्या, १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातला आणखी एक प्रसंग मला त्याहून खोल वाटतो. पोर अंधाऱ्या खोलीत शिरते, आई 'तूच का रे?' असे विचारते, ती गेलेल्या मुलाला हाक मारते आहे हे त्याला उमगते, आणि तो एकाकी आवाजात उत्तर देतो की तो नाही, मीच आहे. कधीही मोठा न होणारा मुलगा लंडनच्या बागेत सापडला असेल, पण त्याची जागा या अंधाऱ्या खोलीत फार आधीच तयार झाली होती, असे मला वाटते. डेव्हिड त्या घरात कायमचा तेरा वर्षांचा राहिला.

पहिल्या प्रयोगाचा प्रसंग मी दोनदा पाहिला. तो प्रयोग २७ डिसेंबर १९०४ रोजी ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये झाला. चित्रपटातला बॅरी निर्माते चार्ल्स फ्रोहमन यांच्याकडे पंचवीस खुर्च्या राखून मागतो, त्या एकत्र नको, प्रेक्षागृहात विखुरलेल्या हव्यात असे सांगतो, आणि ऐन वेळी अनाथाश्रमातली मुले येऊन उंची पोशाखातल्या स्त्रीपुरुषांच्या मधोमध बसतात. मुले हसतात, मग शेजारचे मोठे हसतात. हे मी आपल्याकडेही अनुभवले आहे. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'च्या प्रयोगाला चेटकीण आली की प्रेक्षागृहातली मुले ओरडून पात्रांना सावध करतात आणि मागे बसलेले आईवडीलही मग खुर्चीच्या कडेवर येऊन बसतात. 'पीटर पॅन'मधली परी मरणाला टेकली असता तिला वाचवण्यासाठी प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या असतात, तिथे बॅरीला खरोखरच धास्ती वाटत होती. मोठ्या माणसांनी भरलेले ते प्रेक्षागृह गप्प राहिले तर काय, म्हणून वादकांनी वाद्ये खाली ठेवून टाळ्या वाजवाव्यात अशी त्याने आधीच व्यवस्था केली होती. तशी वेळ आलीच नाही.

प्रयोगानंतर प्रेक्षक पीटरभोवती जमतात, हाच तो पीटर पॅन म्हणून त्याचे कौतुक करतात, आणि तो बॅरीकडे बोट दाखवून सांगतो की मी नाही, हे आहेत. चित्रपटातला हा त्याचा दुसरा नकार, आणि खऱ्या पीटरचे आयुष्य माहीत झाल्यावर तो ऐकवत नाही. जॉर्ज १९१५ मध्ये फ्लँडर्सच्या आघाडीवर मारला गेला, मायकल १९२१ मध्ये ऑक्सफर्डजवळ बुडाला. पीटर महायुद्धातून शौर्यपदक घेऊन परतला, त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, घरातली जुनी पत्रे वर्षानुवर्षे निगुतीने लावली, पण लोकांनी त्याला त्या नावातून कधी सुटू दिले नाही. त्या नाटकाला तो भयंकर श्रेष्ठ कलाकृती म्हणत असे. १९६० मध्ये लंडनच्या स्लोन स्क्वेअर स्थानकात धावत्या गाडीखाली त्याने जीव दिला. बॅरीने १९२८ मध्ये पाचही भावांना उद्देशून लिहिले होते की तुम्हा पाच जणांना एकमेकांवर जोराने घासून मी पीटर पॅन निर्माण केला, जशी दोन काड्या घासून ठिणगी पाडतात. ते वाक्य त्याने प्रेमानेच लिहिले असणार. मी मात्र आज त्यातल्या काड्यांचाच विचार करत बसले. दुसऱ्याच्या मुलाचे दुःख उचलून त्याची गोष्ट करण्याचा हक्क कोणाला असतो, आणि त्या गोष्टीने हजारो मुलांना उडायला शिकवले तरी त्या एका मुलाचे काय, याचे उत्तर चित्रपट देत नाही. या नाटकाचे हक्क बॅरीने १९२९ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या बालरुग्णालयाला देऊन टाकले, हे वाचून मन थोडे हलके झाले, तरी प्रश्न तिथेच राहिला.

चित्रपट संपतो तो बागेतल्या बाकावर. आई गेली आहे, पीटर आपली जोडलेली वही उराशी धरून बसला आहे, आणि बॅरी त्याला सांगतो की डोळे मिटून पाहा, ती तिथे आहे. मुलाने इतक्या वेळानंतर पहिल्यांदा तोंड उघडले. "आई, हेसुद्धा खोटंच आहे ना?" मी म्हटले, खोटे आहे की नाही ते मला सांगता येणार नाही, पण एक खोटे मी तुला सांगितले होते. मग त्या संध्याकाळी डॉक्टर काय म्हणाले होते, ते सगळे त्याला सांगितले. तो बराच वेळ हाताच्या नखाशी खेळत राहिला आणि म्हणाला, "मला माहीत होतं. तू भात न जेवता उठली होतीस."

अंथरुणावर पडल्यावर मी त्याला विचारले की तांडेलाचे गलबत मी खाडीत आणू का. त्याने भिंतीकडे तोंड केले. "नको. ते आजोबांचं आहे. ते तिथेच राहू दे."

मी दिवा घालवला आणि त्याला झोप लागेपर्यंत तशीच बसून राहिले.